नावेची सीट घरच्या घरी: खान्देशातल्या पाण्यासाठी आणि खान्देशातल्या उन्हासाठी

हतनूरच्या जलाशयात हिवाळी पाहुणे पक्षी बघायला जाणारे, तापी-पूर्णेच्या संगमावर माणसं इकडून तिकडे करणारे, प्रकाशा-सारंगखेड्याच्या बॅरेजमागे जाळी टाकणारे, आणि तिकडे धडगाव-अक्कलकुव्याकडे नर्मदेच्या फुगवट्यातून बाजाराला ये-जा करणारे. यांच्यातल्या बहुतेकांच्या नावेत बसायची सोय सारखीच: एक आडवी फळी आणि तिच्यावर दुमडलेलं गोणपाट. अर्धा तास ते चालतं. पक्षी मोजायला सकाळी सहाला बसलेल्या माणसाची कंबर नऊपर्यंत बोलायला लागते.

गोणपाटाची मात्र एक बाजू घ्यायला हवी. ते भिजतं, पण घाटावर पसरलं की तासाभरात वाळतं. बाजारातून आणलेली सोफ्याची गादी तसं करत नाही. ती वरून कोरडी दिसते आणि आतून आठवडाभर ओली असते. मग खालची फळी काळी पडते, टाचण्या (स्टेपल गनच्या पिना) गंजतात, वास सुटतो. या लेखात सीट बनवायची जी पद्धत सांगतो आहे तिचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: सीटमध्ये पाणी शिरणारच, त्याला खालून बाहेर पडायला वाट ठेवायची. पाणी शिरूच नये म्हणून जे खर्च करतात त्यांची सीट लवकर कुजते.

इंटरनेटवर नावेच्या सीटबद्दल जे मिळतं ते जवळपास सगळं समुद्रासाठी लिहिलेलं असतं. आपलं पाणी गोडं. त्यामुळे काही महाग वस्तू आपल्याला लागत नाहीत, उदाहरणार्थ ३१६ ग्रेडचे स्टीलचे स्क्रू. ३०४ ग्रेडचे पुरतात. पण भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि ते ऊन रेक्झिनचं, दोऱ्याचं, वार्निशचं जे करतं ते खारं पाणीही इतक्या झटपट करत नाही. वाचवलेले पैसे तिकडे लावायचे.

आधी नाव नीट बघा

सीट कशी बसवायची हे नाव ठरवते.

फायबरच्या नावेत पेटीसारखा जो बाक असतो तो बहुधा चारी बाजूंनी बंद असतो, आणि आत हवा किंवा फोम असतो. नाव पाण्याने भरली तरी तळाला जाऊ नये म्हणून ती पेटी तिथे आहे. तिला एकही स्क्रू मारायचा नाही, भोक पाडायचं नाही, टाचणीसुद्धा नाही. अशा नावेत फळीची गरज नसतेच. वर ठेवायची, पट्ट्याने बांधायची गादी बनवली की झालं.

लाकडी नावेत फळी आतल्या फासळ्यांना मारलेल्या आधारपट्टीवर टेकलेली असते. आधारपट्टी कुजली असेल तर ती बदला, पण नवीन पट्टीचे स्क्रू फासळीतच बसले पाहिजेत आणि फासळीच्या जाडीपेक्षा आखूड असले पाहिजेत. नावेच्या बाहेरच्या फळ्यांना भोक पाडून नट-बोल्ट काढणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना पुढे पाणी उपसायचं डबडं कायम जवळ ठेवावं लागतं.

पत्र्याच्या नावेत अँगल वेल्डिंगने जोडलेले असतात. अँगल शाबूत असेल तर फळी त्यावर बोल्टने बसते. अँगलच सडला असेल तर ते फॅब्रिकेशनवाल्याचं काम, घरी करू नका.

एक सूचना वल्हवणाऱ्याच्या सीटबद्दल. मऊ गादी त्याला देऊ नका. वल्हं ओढताना पाय रोवून बुडाने रेटा द्यायचा असतो, आणि जाड फोम तो रेटा गिळून टाकतो. त्याच्या फळीवर दोन सेंटिमीटरचा टणक थर पुरे. जाड गादी बसणाऱ्यांसाठी.

माप

नावेची कड सरळ उभी नसते, ती बाहेर झुकलेली असते. शिवाय टोकाकडे नाव निमुळती होत जाते. म्हणून एकच रुंदी मोजून फळी कापली की एका बाजूला फट राहते आणि दुसरीकडे फळी अडते. चार मापं घ्या: फळीची पुढची कड येईल तिथली रुंदी वर आणि खाली, आणि मागची कड येईल तिथली रुंदी वर आणि खाली. मग खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना कापून नावेत बसवून बघा. पुठ्ठा कापायला फुकट आहे, सागवान नाही. दोन्ही टोकांना पाच-पाच मिलिमीटर मोकळं सोडा, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि नावही हलताना थोडी वाकते.

उंची हा सगळ्यात नाजूक भाग. घरच्या खुर्चीची उंची डोक्यातून काढून टाका. लहान नावेत तळापासून बसायच्या जागेपर्यंत, गादी दबल्यावर, २५ ते ३० सेंटिमीटर ठेवा. माणूस जितका वर बसेल तितकी नाव डोलते. जुनी फळी आधीच ३० सेंटिमीटरवर असेल आणि नाव अरुंद असेल, तर पाच सेंटिमीटरच्या गादीऐवजी तीनची करा किंवा आधारपट्टी खाली घ्या. फळीची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतचं माप, ३० ते ३५ सेंटिमीटर पुरते. एका माणसाला ४५ सेंटिमीटर रुंदी धरा.

पुढच्या सगळ्या हिशोबासाठी मी ११० बाय ३२ सेंटिमीटरची, दोन माणसांची सीट धरली आहे. तुमची वेगळी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

लाकूड: अखंड फळी नको

खालच्या बसायच्या फळीसाठी अखंड पाट घेऊ नका. तीन पट्ट्या घ्या, साधारण ९ सेंटिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर जाड, आणि मधे दोन-दोन सेंटिमीटरच्या फटी ठेवा. पाणी फटीतून पडतं, वारा खालून लागतो, आणि एक पट्टी फुटली तर तेवढीच बदलता येते. पट्ट्या खालून दोन-तीन आडव्या तुकड्यांनी जोडायच्या. लांबी मीटरच्या वर गेली तर मधोमध तळाशी टेकणारा पाय द्या, नाहीतर जड माणूस बसल्यावर फळी झोका घेते.

सागवान नवं घ्यायचं तर परवडत नाही. पण खान्देशातल्या गावागावांत धाब्याची घरं पाडून स्लॅबची घरं होताहेत, आणि त्या घरांच्या कड्या-तुळयांचं जुनं सागवान जुन्या लाकडाच्या वखारीत पडलेलं असतं. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं ते लाकूड नवीन लाकडासारखं पिळत नाही. घेताना दोन गोष्टी बघा. पटाशीचं टोक कडेला खुपसा. भुसभुशीत लागलं तर वाळवी लागून गेली आहे, सोडून द्या. आणि करवतीवर द्यायच्या आधी सगळे खिळे काढा, लोहचुंबक फिरवून. आत राहिलेला एक खिळा करवतवाल्याचं पातं खातो आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला दारात उभं करत नाही.

बाभूळ मजबूत असते, पण जड आणि वाकडी. लहान नावेत ती टाळतो.

गादीच्या खालचा पाट मात्र प्लायचा हवा, कारण त्याला टाचण्या मारायच्या आहेत. इथे मरीन प्लाय घ्या, १२ मिलिमीटरचा, आणि शीटवर आयएसआय चिन्हाबरोबर ‘आयएस ७१०’ हा आकडा छापलेला आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून आयएस ३०३ चा माल दाखवतात. तो स्वयंपाकघराच्या कपाटाला चांगला, नावेला नाही. आयएस ७१० च्या प्लायला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. शंका आली तर एक कपटा मागून घ्या आणि घरी दोन-तीन तास उकळा. साधा कमर्शियल प्लाय तेवढ्यातच पापुद्रे सोडायला लागतो.

आठ बाय चार फुटांच्या एका शीटमधून ११० बाय ३२ चे सात पाट निघतात. एकट्याने शीट घेऊ नका. घाटावरच्या दोन-तीन नाववाल्यांनी मिळून घ्या, किंवा फर्निचरच्या कारखान्यात कापून उरलेले तुकडे मागा. मॉड्युलर किचनवाल्यांकडे ३०-३५ सेंटिमीटर रुंदीचे तुकडे नेहमी उरतात, पण तिथेही शिक्का बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्क्रू एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ चे, नंबर ८, दीड इंची. आधी बारीक भोक पाडून मग आवळा, सुकं सागवान नाहीतर चिरतं. जिप्समच्या छताला वापरतात ते काळे स्क्रू स्वस्त असतात म्हणून घेऊ नका. एक पावसाळा काढतात आणि काढायला गेलं की डोकं तुटून हातात येतं. सगळ्या सीटला लागणाऱ्या स्क्रूंमधला फरक एका जेवणाच्या खर्चाइतका आहे.

कापणं, भोकं, वार्निश: याच क्रमाने

प्लायच्या पाटाचे चारी कोपरे दोन-तीन सेंटिमीटरच्या गोलाईने घासून घ्या आणि वरच्या-खालच्या कडा कानशीने मोडा. धारदार कड राहिली तर ताणलेलं रेक्झिन तिथेच कापतं. मग दर १५ सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरचं एक भोक, दोन ओळींत. सहा मिलिमीटरचं भोक पुरेल असं वाटतं, पण तापीचा गाळ बारीक आणि चिकट आहे; लहान भोकं तो एका हंगामात बुजवतो.

भोकं पाडून झाल्याशिवाय वार्निशच्या डब्याचं झाकण उघडू नका. प्लाय पृष्ठभागातून कमी आणि कडेतून, भोकातून जास्त पाणी पितो. पहिला हात डब्यावर सांगितलेलं थिनर घालून पातळ केलेला द्या म्हणजे तो आत मुरेल, आणि कडांना व भोकांच्या आत काडीला चिंधी गुंडाळून लावा. तो वाळला की २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग दाट हात. सपाट भागाला दोन हात झाले की थांबलं तरी चालेल, कडांना तीन-चार हवेत. इपॉक्सी परवडलं तर उत्तम, नाहीतर बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) वार्निश किंवा प्रायमरवर साधा ऑइलपेंट. डांबर नाही. नावेच्या तळाला ते ठीक, सीटवर मे महिन्यात ते पातळ होऊन पँटला चिकटतं.

सागवानी पट्ट्यांना अळशीच्या तेलाचे दोन-तीन हात दिले तरी भागतं आणि दरवर्षी पुन्हा लावायला सोपं जातं. पण तेल लावलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीच्या तेलाचा बोळा आपोआप तापत जातो आणि पेट घेऊ शकतो. चिंधी मोकळ्यावर पसरून वाळवा, मग फेका.

वेळ कोणती? उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत, सावलीत. तापलेल्या लाकडावर वार्निशला बुडबुडे येतात. पावसाळ्यात, हतनूरचे ४१ दरवाजे उघडल्याच्या बातम्या येतात तेव्हा, नाव काठाला असते आणि हात मोकळे असतात. पण हवेतल्या दमटपणाने वार्निश दिवसेंदिवस चिकट राहतं. लाकूडकाम पावसाळ्यात उरका, रंग दसऱ्यानंतर. पक्ष्यांचा हंगाम सुरू होण्याआधी सीट तयार होते.

फोम

बाजारात तीन गोष्टी मिळतात आणि तिन्हींना दुकानदार फोमच म्हणतो.

सोफ्यातला पिवळा-पांढरा पीयू फोम बसायला सगळ्यात आरामाचा, पण त्याच्या पेशी उघड्या असतात. पाणी पितो आणि धरून ठेवतो. घ्यायचाच तर ४० डेन्सिटीचा, ३२ च्या खाली अजिबात नाही. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमधला पांढरा लवचिक ईपीई फोम पाणी पीत नाही, स्वस्त असतो, पण कमी घनतेचा असला तर काही महिन्यांत चपटा होतो. अंगठ्याने दाबून सोडा. खड्डा भरून यायला वेळ लागला तर नको. तिसरा ईव्हीए, म्हणजे व्यायामशाळेत आणि बालवाडीत जमिनीवर जोडतात त्या खाचांच्या चटया. टणक, पाणी न पिणारा, टिकाऊ. जुन्या चटया मिळाल्या तर सोडू नका.

थर्माकोल या यादीत नाही. तो बसल्यावर भुगा होतो, आणि रबरी सोल्युशन लागलं की विरघळतो.

रोज भिजणाऱ्या मासेमारीच्या नावेत संपूर्ण गादी ईव्हीए-ईपीईची करा. पर्यटकांच्या किंवा पक्षीनिरीक्षणाच्या नावेत खाली ३० मिलिमीटर ईपीई आणि वर २० मिलिमीटर पीयू असा जोड चांगला बसतो. मात्र इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. वरच्या पीयूमध्ये गेलेलं पाणी खाली उतरतं आणि ईपीईवर येऊन थांबतं, कारण तो थर पाणी जाऊ देत नाही. प्लायला भोकं आहेत, पण पाणी तिथवर पोचतच नाही. म्हणून ईपीईलाही प्लायच्या भोकांच्या सरळ रेषेत भोकं हवीत. लोखंडी नळीच्या तुकड्याला कानशीने धार लावा आणि तो फिरवत दाबा, गोल बूच निघून येतं.

फोम पाटापेक्षा चारी बाजूंनी पाच मिलिमीटर मोठा कापा म्हणजे रेक्झिन ताणल्यावर कडा भरलेल्या दिसतात. पीयूला हॅक्सॉचं नवं ब्लेड, ईपीईला कटर. वरच्या कडा थोड्या तिरक्या छाटल्या तर बसताना मांडीला टोचत नाही.

चिकटवायला रबरी सोल्युशन, दोन्ही पृष्ठभागांवर पातळ, आणि बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं. डब्यावर लिहिलेली वेळ खान्देशातल्या एप्रिल-मेला लागू नाही. दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत पहिली वाळून जाते. सकाळी लवकर करा, अंगणात करा, आणि जवळ चूल, बिडी, काडी काही नको.

रेक्झिन ताणणं: यात सुई लागत नाही

पहिली सीट करणाऱ्याने शिवणकामाच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. शिवण म्हणजे भोकांची रांग. पाटावर फोम, त्यावर रेक्झिन ओढून खालून टाचण्या: एवढ्यात वरचा भाग अखंड राहतो आणि मशीनही लागत नाही.

रेक्झिन घेताना उलट्या बाजूने बघा. मागचं कापड बनियनसारखं विणलेलं पॉलिस्टर असेल तर ते ताणतं आणि कुजत नाही. सुती कापड असेल तर त्याला बुरशी धरते. मागे पातळ फोमचा थर लावलेलं रेक्झिन गुबगुबीत दिसतं, नावेसाठी निरुपयोगी. तुकडा दुमडून दाबा. घडीवर पांढरी रेघ उमटली तर माल जुना किंवा हलका. रंग फिका घ्या, राखाडी किंवा क्रीम. काळं रेक्झिन मे महिन्याच्या दुपारी मांडी भाजतं, हे धुळ्याच्या स्टँडवर तासभर उभ्या असलेल्या मोटारसायकलवर बसून कोणीही तपासू शकतं.

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकच्या सीटा आणि ताडपत्र्या करणारे कारागीर तिथे सापडतात. जळगाव-भुसावळला रिक्षाच्या सीटवाल्यांकडे जा. पूर्ण मीटर घ्यायच्या आधी उरलेल्या पट्ट्या विचारा. पन्हा साधारण ५४ इंच, म्हणजे १३७ सेंटिमीटर असतो. आपल्या सीटला लांबीत ११० अधिक दोन्हीकडे फोमची जाडी, प्लायची जाडी आणि आत वळवायला चार सेंटिमीटर, असे १३१ लागतात. ते पन्ह्यात मावतं. रुंदीत त्याच हिशोबाने ५३. म्हणजे एका सीटला ५५ सेंटिमीटर, दोन सीटांना सव्वा मीटरच्या आत काम होतं.

आता कृती. रेक्झिन दहा मिनिटं कोवळ्या उन्हात टाका, मऊ होतं. भर दुपारच्या उन्हात नको, जास्त ताणलं जातं आणि टाचणीपाशी फाटतं. स्वच्छ चादरीवर रेक्झिन पालथं पसरा, त्यावर फोम खाली आणि पाट वर असं ठेवा. रेक्झिनच्या आणि पाटाच्या चारी बाजूंचे मध्य पेन्सिलने खुणवा. पहिली टाचणी लांब बाजूच्या मध्यावर, दुसरी बरोबर समोरच्या मध्यावर ओढून, मग दोन आखूड बाजूंचे मध्य. इथे थांबून सीट उलटी करून बघा. रेषा वाकडी असेल तर चार टाचण्या काढणं सोपं आहे, चाळीस नाही.

मग मध्यापासून कोपऱ्याकडे, एकदा या बाजूला आणि एकदा समोर, दोन-अडीच सेंटिमीटरवर एक. प्रत्येक कोपऱ्याच्या आधी आठ सेंटिमीटर मोकळे सोडा. ओढ सगळीकडे सारखी हवी. रेक्झिनवर सुरकुती नसावी, पण फोमची कड दबून गोल झाली असेल तर जास्त ओढलं आहे. टाचणी कडेला समांतर मारा. काटकोनात मारली की एकाच ठिकाणी ओढ येऊन चीर पडते. स्टेपल गन हाताची चालते, आठ मिलिमीटरच्या पिनांसह. मरीन प्लाय कडक असतो, पिना अर्धवट राहतात. मागून हातोडीने ठोका. स्टेनलेसच्या पिना मिळाल्या तर घ्या. मिळाल्या नाहीत तर पिनांच्या ओळीवरून ॲल्युमिनिअमची बारीक पट्टी एसएस स्क्रूने आवळून टाका, पिना गंजल्या तरी रेक्झिन सुटत नाही.

कोपरा असा: टोक सरळ आतल्या बाजूला, पाटाच्या मध्याच्या दिशेने ओढून एक पिन. त्याच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या झोळाच्या बारीक बारीक चुण्या करा, गोलाईवर तीन-तीन, आणि प्रत्येक चुणीला एक पिन. चुण्या पाटाच्या खालीच संपल्या पाहिजेत, कडेवर दिसता कामा नयेत. खाली साठलेला जास्तीचा भाग कात्रीने उडवा. पहिला कोपरा ओबडधोबड होईल, म्हणून तो मागच्या बाजूचा घ्या.

पाटाची खालची बाजू रेक्झिनने झाकायची नाही. इथे शेडनेट लावा. पपईच्या रोपवाटिकेत, भाजीच्या मांडवात त्याचे तुकडे पडलेले असतात. कडा दुमडून पिना मारल्या की पाणी आणि हवा मोकळी राहते आणि भोकांतून किडे आत घर करत नाहीत.

शिवायचंच ठरवलं तर

पाठ टेकायची उशी किंवा चारी बाजूंनी पट्टी असलेली गादी हवी असेल तर शिवणं आलं. आधी सराव करा, आणि त्यासाठी फ्लेक्ससारखं साहित्य नाही. गावात कोणाचा ना कोणाचा वाढदिवस होऊन गेलेलाच असतो; तो बोर्ड उतरला की मागून घ्या. रेक्झिनसारखाच हट्टी, फुकट. त्याचेच नमुने कापा, फाटत नाहीत.

दोरा पॉलिस्टरचा, जाड. सुती दोरा कुजतो, नायलॉनला ऊन खातं. रिळाच्या किमतीत कंजूषी केली तर रेक्झिन शाबूत आणि शिवण उसवलेली, असं दोन उन्हाळ्यांत दिसतं. घरच्या पायमशीनवर १८ नंबरची सुई लावून दोन थर निघतात, टाका चार मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाक्यांनी रेक्झिन तिकिटाच्या कडेसारखं फाटतं. पायाखाली रेक्झिन चिकटत असेल तर थोडी टाल्कम पावडर. टाचणीऐवजी कपड्यांचे चिमटे लावा, कारण रेक्झिनला पडलेलं भोक बुजत नाही.

कडेच्या पायपिंगमध्ये, म्हणजे शिवणीवरच्या गोल किनारीत, सुतळी घालायची पद्धत आहे. नावेत ती ओलावा ओढून गादीभर फिरवते. त्याऐवजी ठिबकची बारीक मायक्रोट्यूब घाला. जळगाव जिल्ह्यात ती कोणत्या शेताच्या बांधावर मिळणार नाही? वळते छान, पाणी पीत नाही. १६ मिलिमीटरची जुनी लॅटरल नळी लांबीत चिरली तर उघड्या प्लायच्या कडेवर टोपीसारखी बसते, तेही लक्षात ठेवा.

पाच सेंटिमीटर जाडीच्या गादीला वरचा तुकडा ११२ बाय ३४, बाजूची पट्टी सात सेंटिमीटर रुंद आणि जोडून २९० लांब, पायपिंगची पट्टी चार सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच लांब. १३७ च्या पन्ह्यातून पाऊण मीटरमध्ये हे सगळं निघतं. तळ शेडनेटचाच. मशीन नसेल तर सगळे तुकडे कापून, खुणा करून, चिमटे लावून सीटवाल्याकडे न्या आणि फक्त शिवणाची मजुरी ठरवा. माप, कापणी, फोम आणि शिवण असं सगळं त्याच्यावर टाकलं की भाव वेगळा लागतो.

बसवणं

गादी फळीला कायमची ठोकू नका. पाटाच्या खाली लांबीच्या दिशेने दोन बारीक पट्ट्या लावा, फळीच्या पट्ट्यांमधल्या फटीत अडकतील अशा. त्याने गादी घसरत नाही. मग बॅग दुरुस्तीवाल्याकडून नायलॉनचा पट्टा आणि दप्तराची प्लास्टिकची बकलं आणून दोन ठिकाणी फळीला वेढा द्या. नाव काठाला लागली की बकल दाबायचं आणि गादी काखेत मारून घरी.

पाणी उपसायची जागा सीटखाली झाकली जात नाही ना, बघा. झाकली जात असेल तर फळी तेवढी पुढे-मागे करा.

पहिली चाचणी गुडघाभर पाण्यात, काठाला दोरी बांधून. दोन माणसं बसवा, एकाच बाजूला झुकायला सांगा, उठायला-बसायला सांगा. नाव आधीपेक्षा जास्त कलते असं वाटलं तर गादी पातळ करायची, आराम नंतर. आणि ईपीईची गादी पाण्यावर तरंगते म्हणून कोणी तिच्या भरवशावर लाइफ जॅकेट काढून ठेवेल, तर त्याला नावेतच घेऊ नका. उलटलेल्या नावेतून गादी कुठल्या कुठे वाहत जाते, अंगावरचं जॅकेट अंगावर राहतं.

सांभाळणं

वापरून झालं की गादी उभी करून ठेवा, भोकं मोकळी राहतील अशी. माशांचा वास आणि गाळ साध्या साबणाच्या पाण्याने जातो. थिनर, पेट्रोल यांनी रेक्झिनचा मऊपणा जाऊन ते तडकतं. बुरशीचे काळे ठिपके दिसले तर पाणी मिसळलेला व्हिनेगर लावून पुसा.

दुपारी नाव काठाला असताना गादीवर चटईचा तुकडा टाका. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया बनतात, कारखान्यातला दुय्यम माल किरकोळीत मिळून जातो. ऊन चटईने खाल्लं तर रेक्झिन वाचतं, आणि चटई बदलायला फार खर्च नाही.

पावसाळ्यात गादी खळ्यातल्या गोदामात टाकणार असाल तर जमिनीवर किंवा पोत्यांवर नको. उंदरांना पीयू फोम घरट्यासाठी फार आवडतो. आढ्याला तारेने टांगा, भिंतीपासून हातभर लांब. दिवाळीच्या सुमाराला खाली उतरवून शेडनेटच्या चार पिना उचका आणि भोकांत बोट घालून बघा. बोट ओलं लागलं किंवा प्लायची कड काळी दिसली तर तेवढ्या जागी पॉलिश पेपर मारून वार्निशचा हात द्या, दोन दिवस सावलीत ठेवा, आणि नेट पुन्हा ठोका.